गुरांचा दवाखाना टाळून वन्यजीवांचा डॉक्टर होता येत नाही

प्रश्न : मुलीला नीटमध्ये एमबीबीएस मिळेल इतके गुण नाहीत, पशुवैद्यकीयला मात्र प्रवेश मिळेल. आम्ही रिपीट करायला सांगतोय. तिला वन्यप्राण्यांवर उपचार करायचे आहेत, त्याला आमची हरकत नाही. पण गुरांचा डॉक्टर झालेलं घरात कुणालाच चालणार नाही. वन्यजीव उपचार केंद्रात थेट ट्रेनिंग घेऊन हे जमेल का? – एक पालक

उत्तर : गुणांची मला चिंता वाटली नाही. ‘घरात कुणालाच चालणार नाही’ या वाक्याची वाटली. अभ्यास ती करणार, रात्री-अपरात्री फोन आला की तीच धावणार, आणि निर्णय कशावरून, तर नातेवाइकांना काय सांगायचं यावरून! बिबट्याचा डॉक्टर म्हटलं की अभिमान आणि म्हशीचा म्हटलं की कमीपणा, हे अनेक घरांत आहे. त्यापायी मुलांची उमेदीची वर्षं रिपीट करण्यात जातात, म्हणून स्पष्ट लिहिते आहे. हा कमीपणा तुमचा आहे, मुलीचा नाही. तो तिच्यावर लादू नका.

शिवाय तुम्ही केलेली विभागणी प्रत्यक्षात नाहीच. भूल देणं, सलाईन लावणं, टाके घालणं, शवविच्छेदन करणं, हे सगळं हात शिकतात ते गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा यांच्यावर. गिधाडांचं उदाहरण घ्या. 1990च्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. कारण सापडलं ते गुरांच्या औषधात. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. 2006 मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गोठ्यात गायीला कोणतं इंजेक्शन द्यायचं, यावर गिधाडांचं जगणं अवलंबून होतं! 2018 मध्ये गीरच्या सिंहांमध्ये आढळलेला कॅनाइन डिस्टेंपरही कुत्र्यांच्या डॉक्टरला चांगला परिचित असलेला आजार. गुरांकडे आणि कुत्र्यांकडे पाठ फिरवून जंगल समजत नाही.

‘थेट ट्रेनिंग’बद्दल. बारावीनंतर अशा केंद्रात स्वयंसेवक म्हणून पिंजरे धुणं, खाणं तयार करणं, नोंदी ठेवणं शिकता येतं आणि ते जरूर शिकावं. पण त्याचं प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. पशुवैद्यक म्हणून उपचार करायचे तर पदवी आणि पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते. वन्यप्राणी तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित, त्यामुळे वनखात्याला वगळून काहीच करता येत नाही.

मार्ग सरळ आहे : नीट, साडेपाच वर्षांचं बीव्हीएससी म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, त्यातच एक वर्ष इंटर्नशिप, पुढे वन्यजीव विषयात एमव्हीएससी ही पदव्युत्तर पदवी. शिकत असताना नागपूरचं गोरेवाडा, जुन्नरजवळचं माणिकडोह अशी वन्यजीव उपचार केंद्रं पाहायला मिळतात का, याची चौकशी तिने स्वतः करावी.

आता मुलीसाठी. मांजाने कापलेली घार येते तेव्हा अनेकदा हाड शाबूत असतं, पण खांदा ते मनगट यांमधला कातडीचा पडदा फाटलेला असतो. टाके घातले, जखम भरली, तरी घारीला उंची गाठता आली नाही, वळण घेता आलं नाही, तर तिला सोडता येत नाही. म्हणून पिंजऱ्यात शेपटीची पिसंसुद्धा तुटू नयेत यासाठी जपावं लागतं. ऊसतोडीत बिबट्याचं पिल्लू सापडलं तर त्याला बाटलीने दूध पाजत घरी ठेवायचं नसतं. तपासून, ते ठणठणीत असेल तर रात्री त्याच जागी ठेवायचं, म्हणजे आई येऊन घेऊन जाते. इथे डॉक्टरने रुग्णाशी बोलायचं नाही, गोंजारायचं नाही, शक्यतो दिसायचंही नाही. माणसाची सवय लागलेलं पिल्लू जंगलात टिकणं कठीण. बरेच रुग्ण दगावतात, काहींना शांतपणे मरण द्यावं लागतं. प्राण्यांचा लळा लागणाऱ्या मुलींना हे पेलेलच असं नाही. निव्वळ वन्यजीवांच्या नोकऱ्याही मोजक्या आहेत. वनखात्यातले काही पशुवैद्य तर पशुसंवर्धन खात्यातूनच प्रतिनियुक्तीवर आलेले असतात.

म्हणून या सुट्टीत तिला बिबट्या दाखवायला नेऊ नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांची परवानगी घेऊन आठवडाभर बसू द्या. खोड्यात उभी केलेली गाय, अडलेली म्हैस, पोट फुगलेली शेळी हे सगळं बघून तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटलं, तर मिळणारी जागा यंदाच घ्या. नाही वाटलं, तर एमबीबीएससाठी नीट रिपीट करायची की आणखी काही, ते तिला ठरवू द्या.