मोडी पत्रांची पेटी उघडलीत? आधी हे वाचा

पणजोबांची मोडी लिपीतली (जुन्या मराठी वळणदार लिपीतली) पत्रं सापडली म्हणता, मोठा ठेवा आहे तो! कृपा करून लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या घडीला सेलोटेप तर मुळीच नको. माझ्याकडच्या एका पत्रावर टेपचा पिवळा, चिकट पट्टा उरलाय. त्याखालच्या दोन ओळी कायमच्या गेल्या. गंजक्या टाचण्या हलक्या हाताने काढा, क्रमांक पेन्सिलीनेच घाला. गठ्ठ्यात पत्रं ज्या क्रमाने लागली आहेत तो मोडू नका, कोणी कोणाला उत्तर दिलं ते त्यावरूनच कळतं. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात, म्हणजे मोठ्या चौकोनी कापडात, बांधलेले असत. तुम्हीही धुतलेलं, कोरडं सुती कापड वापरा. सगळ्यांचे फोटो काढा, मग १९१० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. घरगुती पत्रं कोणी वाचावीत, हे मात्र ती मंडळाला देण्याआधी लेखी ठरवा.