डिझेल गाडी घाटात मध्येच दम सोडते, स्कॅनरवर पी०२९९ येतो. टर्बो बदलावा का?

टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, बदलू नका. टर्बोपासून इंजिनापर्यंतचे हवेचे पाईप हाताने चाचपून बघितल्याशिवाय तर अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की २०१५ ची डिझेल आहे, आंबा घाट चढताना एकदम पिकअप जातो, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, तीन हजार आरपीएमच्या वर काटा सरकत नाही आणि चावी बंद करून पुन्हा मारली की गाडी पहिल्यासारखी पळते. मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी०२९९ बघितला आणि ‘टर्बो गेला’ म्हणून सांगितलं. आता नवा घालू की रिकंडिशन, एवढंच तुम्ही विचारताय. मला मात्र त्या ‘टर्बो गेला’वरच बोलायचंय.

पी०२९९ चा अर्थ इतकाच, की ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने) जेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, ते त्या कोडमध्ये नसतं. टर्बो हवा दाबत असेल पण ती वाटेतच गळत असेल, टर्बोतली पाती हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला व्हॅक्यूम पोचत नसेल, हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या तोंडावर काजळी बसली असेल, एअर फिल्टर चोंदला असेल. असा कोड आला की गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे कमी ताकदीवर, जाते; तेव्हा ईसीयू इंजिन सांभाळायला डिझेल कमी करतो. चावी फिरवली की तो पुन्हा एकदा पूर्ण बूस्ट मागून बघतो, म्हणून गाडी बरी झाल्यासारखी वाटते. टर्बोचा शाफ्ट खरंच मोडला असता, तर चावी फिरवून तो जुळला असता का?

माझ्या गाडीलाही नेमकं हेच झालं होतं. मालवणहून परत येत होतो. गाडी भरलेली, डिकीत नारळ, पुढच्या सीटवर आमचे साडू. वैभववाडी सोडून करूळ घाटाला लागलो आणि अर्ध्या चढावर गाडीने ओढणंच सोडलं. मागे एसटी, पुढे वळण, दुसऱ्या गिअरवर कसंबसं गगनबावडं गाठलं. तिथे चहा घेताना साडूंनी निकाल देऊन टाकला, “टर्बो बसला. आता मोठा खर्च धरा.” पुढे सर्व्हिस सेंटरला नेली, तर तिथेही स्कॅनर लावला, कोडचा कागद काढला आणि त्याखालीच नव्या टर्बोचं कोटेशन. गाडीखाली कुणी वाकलंसुद्धा नाही. मी म्हटलं, आधी लिकेज बघा. त्यावर साडू चारचौघांत म्हणाले, “ते शिकलेले लोक सांगताहेत ना? फौंड्रीतले हवेचे पाईप बघणं वेगळं आणि गाडी वेगळी.”

हे मला लागलं, आजही लागतं. मी गोकुळ शिरगावला मेंटेनन्समध्ये आहे, दिवसभर कॉम्प्रेस्ड एअरच्या लाईनीच बघतो. मोल्डिंग मशीनला प्रेशर कमी पडलं म्हणून कुणी पहिल्यांदा कॉम्प्रेसर खोलत नाही. आधी लाईन बघतात, जॉइंट बघतात, साबणाचं पाणी लावतात. टर्बो हा शेवटी कॉम्प्रेसरच आहे, एक्झॉस्टवर फिरणारा.

गाडी शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कोड वाचून सोडून दिला नाही. स्कॅनर माझ्या हातात दिला, स्वतः स्टिअरिंगला बसले आणि कागलच्या दिशेने हायवेला घेतली. चौथा गिअर, पंधराशे आरपीएमवरून पूर्ण रेस. ईसीयू दोनशे केपीएच्या (किलोपास्कल, दाबाचं माप) वर बूस्ट मागत होता, मिळत होतं जेमतेम दीडशे. पण आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरचं रीडिंग मात्र भरपूर होतं आणि आरशात मागे काळा धूर दिसत होता. मिस्त्री म्हणाले, “हवा आत येत्या, पण इंजिनात पोचत न्हाई. टर्बोला हात लावू नका.” टर्बो फिरत नसता तर दोन्ही आकडे पडले असते. हवा मोजली गेली, त्या हिशोबाने डिझेल पडलं आणि हवा वाटेत निसटली, म्हणून काळा धूर.

परत येऊन त्यांनी खालचं कव्हर काढलं आणि इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजवरून हात फिरवला. तळवा काळा, तेलकट. वरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं. क्लिप सैल करून पाईप बाहेर काढला आणि वाकवला, तेव्हा क्लिपच्या अगदी कडेला बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. आतल्या कापडाच्या थराचे धागे सुटलेले, कडा तेलाने ओल्या. हात सैल सोडला की चीर पूर्ण मिटायची. गाडी नुसती चालू ठेवून ती कधीच सापडली नसती, घाटात बूस्ट चढला की मगच उघडणार. नवा होज, नवी क्लिप टाकली, कोड डिलीट केला आणि पन्हाळ्याच्या चढावर नेऊन पुन्हा रीडिंग घेतलं. मागेल तेवढं मिळत होतं.

साडू आजही म्हणतात, नशीब चांगलं होतं. यात नशीब कुठं आलं? दोन आकडे शेजारी ठेवून बघितले आणि हात काळे केले. कोटेशन मोठं म्हणजे निदान खरं, असं मानणाऱ्यांमुळेच चांगले टर्बो भंगारात जातात.

तर तुम्ही मेकॅनिकला सांगा, की लाइव्ह डेटा काढून मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि एअर फ्लो एकत्र बघा. इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन केली की मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे, कोल्हापुरात तो ९५ केपीएच्या आसपास असतो. बराच वेगळा आकडा आला तर आधी सेन्सर आणि त्याचं वायरिंग. मग होज काढून, वाकवून बघा. बाहेरून टॉर्च मारून बघितलं ते बघणं नव्हे. व्हीजीटी (आतली पाती हलणारा) टर्बो व्हॅक्यूमवर चालणारा असेल, तर हातपंपाने अ‍ॅक्च्युएटरला व्हॅक्यूम द्या. दांडा न अडखळता पूर्ण सरकला पाहिजे आणि तिथेच टिकला पाहिजे. टिकत नसेल तर डायफ्राम फाटलाय. अडखळत असेल तर पात्यांत काजळी आहे, ती बहुतेक वेळा टर्बो उतरवून साफ करता येते. अशा अडकलेल्या पात्यांमुळे कधी पी०२९९ तर कधी जास्त बूस्टचा पी०२३४ असे दोन्ही येतात.

एक मात्र आहे. निळा धूर येत असेल, इंजिन ऑइल कमी होत असेल किंवा रेस दिल्यावर सायरनसारखा आवाज येत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि गाडी चालवू नका. सील गेलेल्या टर्बोतून ऑइल इंजिनात ओढलं गेलं, तर चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. होजमध्ये तेलाचा पातळ थर मात्र बहुतेक गाड्यांत असतो, तेवढ्यावरून कुणी टर्बोला नावं ठेवली तर ऐकू नका. आणि बूस्टचा कोड नसताना दम जात असेल तर डिझेल फिल्टर बघा, रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब) पडलं तरी गाडी अशीच बसते.

राहिला रिकंडिशनचा प्रश्न. टर्बो खरंच गेल्याचं सिद्ध झालं तर मी बॅलन्सिंगचा रिपोर्ट देणाऱ्याकडूनच घेईन, आणि त्याच वेळी ऑइलचा फीड पाईप नवा टाकून ऑइल-फिल्टर बदलेन. तेल न पोचल्यामुळे टर्बो गेला असेल आणि पाईप तोच ठेवला, तर दुसराही जाणार. पण त्याआधी ते तीन आकडे काढा आणि इथे लिहा, मी बघून सांगतो.