खुब्याच्या ऑपरेशननंतर अंग ताठ होतं, त्याबद्दल

ताई, सांधा बदलून पाच आठवडे झाले, एक्स-रे चांगला आला, डॉक्टर पूर्ण वजन टाका म्हणतात, तरी खुर्चीतून उठायचं म्हटलं की दात आवळले जातात आणि सांधा निसटेल असं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. माझा उजवा खुबा बदलला तेव्हा मीही असाच जीव मुठीत धरून उठायचो. वॉकर इतका घट्ट धरायचो की संध्याकाळी पायापेक्षा तळहात जास्त दुखायचे.

एक दिवस फिजिओ म्हणाल्या, "तुम्ही अजून हललाही नाहीत आणि श्वास कोंडलाय." तेव्हा लक्षात आलं, अंग आखडत होतं ते दुखण्याच्या आधीच. ऑपरेशनआधी झिजलेला सांधा पावलागणिक दुखायचा, म्हणून स्नायूंनी त्याला आवळून धरायची सवय लावून घेतलेली असते. सांधा बदलला तरी ती सवय लगेच सुटत नाही. मग मांडी, कुल्ला, कंबर सगळं एकदम आवळलं जातं, पाऊल आखूड पडतं, थकलेले स्नायू ठणकतात, आणि आपल्याला वाटतं सांध्यातच काहीतरी बिघडलंय. भीती अशी वाढत जाते.

मला खरा उपयोग झाला तो सोडायला शिकण्याचा. पडल्या पडल्या कुल्ला पाच सेकंद आवळायचा व्यायाम सगळ्यांना देतात. तो करताना आवळण्यापेक्षा नंतर सैल सोडण्याकडे लक्ष द्या, सावकाश, पूर्ण. उठताना आधी जबडा आणि खांदे सैल करा, खुर्चीच्या कडेला सरका, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे ठेवा, हातांवर जोर देऊन श्वास सोडत उठा. उठल्यावर लगेच चालू नका. उभ्याउभ्या वजन या पायावरून त्या पायावर दोन-चारदा हलवा. खुर्ची उंच असू द्या. ज्या हालचालीची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, ती फिजिओला विचारून अर्धीच करा, पण दिवसातून बऱ्याचदा.

पथ्य आणि भीती मात्र वेगळी ठेवा. मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, पाऊल आत वळवू नका, असं काही आठवडे सांगतात. तुम्हाला यातलं काय लागू आहे आणि कधीपर्यंत, हे सर्जनकडून लिहून घ्या. मला नुसतं "सांभाळून राहा" सांगितलं होतं. त्याला माप नाही, म्हणून मी सगळ्यालाच घाबरत राहिलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

व्यायामानंतर थोडं दुखून दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं तर काळजी नको; सकाळी जास्त दुखलं तर पुढच्या वेळी कमी करा. पण अचानक तीव्र कळ येऊन वजनच टाकता येईना, पाय आखूड किंवा वळलेला दिसला, पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका.

पुढच्या वेळी फिजिओकडे जाल तेव्हा त्यांच्यासमोर दोन-तीनदा उठून बसा आणि तुमचा श्वास नेमका कुठे अडतो, ते त्यांना बघायला सांगा.