नोकरी सांभाळून मुंबईच्या बंदरात शिडाची होडी चालवायची, तर वेळ आणि वारा एकत्र कधी जमतात?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे: गेल्या हिवाळ्यात आपण मुंबईत शिडाची होडी चालवण्याचे प्राथमिक शिक्षण घेतले, सोमवार ते शुक्रवार कार्यालय असल्यामुळे रविवारची सकाळ या छंदासाठी राखून ठेवली आणि बहुतेक वेळा पाण्यावर पोहोचल्यावर वाराच मिळाला नाही. त्यात पावसाळ्याचे चार महिने वजा जातात, तेव्हा नोकरी करणाऱ्याने हा नाद सोडून द्यावा का, असे आपण विचारले आहे. सोडू नये, असे माझे मत आहे. पूर्णवेळ नोकरी करत असतानाच मी बरीच वर्षे या बंदरात, बहुधा इतरांच्या होड्यांवर सहकारी म्हणून, जात आलो आहे. आपल्याकडे वेळ कमी आहे हे खरे. पण जो थोडा आहे तो आपण दिवसाच्या अशा भागात खर्च करत आहात, ज्या वेळी मुंबईचा वारा सुट्टीवर असतो.

शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा पहाटेपासून ईशान्येकडून, म्हणजे घारापुरी आणि न्हावा-शेव्याच्या अंगाने येतो. तो सकाळी आठ-नऊपर्यंत होडी चालवण्याजोगा राहतो आणि दहाच्या सुमारास पडतो. त्यानंतर जमीन तापून समुद्रावरचा खारा वारा आत येईपर्यंत, म्हणजे दुपारी बारा-एकपर्यंत, बंदरात शीड नुसते लोंबत राहते. न्याहारी करून नऊ वाजता गेटवेला पोहोचणारा आणि शीड चढवून दहाच्या पुढे बोया (होडी बांधून ठेवण्याचा तरंगता खुंटा) सोडणारा माणूस नेमका या पोकळीत सापडतो. अशा माणसाने एक तर उजाडताना पाण्यावर असावे किंवा सरळ दुपारी दीड वाजता यावे. तिसरा पर्याय नाही. मी दुपारच्या बाजूचा आहे, कारण मतलई वारा पडण्याच्या दिशेने जातो आणि खारा वारा वाढण्याच्या. होडी परत आणायची असते तेव्हा वारा वाढता असलेला बरा.

खारा वारा आला हे पाण्याकडे पाहून कळते. त्याआधी बंदराचे पाणी तेलकट, गुळगुळीत दिसते आणि नांगरलेली जहाजे केवळ भरती-ओहोटीच्या ओढीप्रमाणे तोंडे फिरवून उभी असतात. मग कुलाब्याच्या बाजूने पाण्यावर एक गडद, खडबडीत पट्टा उमटतो आणि पुढे सरकू लागतो. तो पट्टा ज्या होडीपर्यंत पोहोचतो तिचे शीड एकदम भरते आणि शंभर मीटर पलीकडची होडी मात्र अजून जागच्या जागी डुलत असते. गेटवेच्या अगदी जवळ वारा इमारतींच्या आडून येत असल्यामुळे तो तुटक असतो, कधी वायव्येकडून झोत येतो तर कधी काहीच नाही. किनाऱ्यापासून किलोमीटरभर बाहेर गेल्यावर तो सरळ आणि एकसारखा होतो. त्यामुळे धक्क्यावर उभे राहून ‘आज वारा नाही’ असा निकाल देऊ नये.

काही दिवस मात्र हा वारा उशीर करतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत अधूनमधून पूर्वेकडचे कोरडे, उष्ण वारे जोर धरतात आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारी दोन-तीनपर्यंत आत येऊ देत नाहीत. ज्या दिवशी मुंबईचे तापमान अचानक 38 अंशांच्या पुढे गेल्याची बातमी येते, त्या दिवसांमागे बहुधा हेच कारण असते. सकाळी दहालाच हवा कोरडी, भट्टीसारखी वाटली आणि घाम येता येता वाळत असेल, तर त्या दिवशी बोटीची वेळ खुशाल दोन तासांनी पुढे ढकलावी.

वर्षाचा हिशेबही असाच वाऱ्यावरून मांडावा. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर धरली जाते. पण परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर पूर्वेकडून, डोंगरांच्या बाजूने येतात आणि त्यांच्या पोटातला वारा काही मिनिटांत दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून नवशिक्याने ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सोडून द्यावा. नोव्हेंबर मवाळ असतो. सराव करायला बरा, मजा बेताची. डिसेंबर-जानेवारीत वर सांगितलेली सकाळ-दुपारची विभागणी सर्वांत स्पष्ट दिसते. माझ्या दृष्टीने उत्तम काळ म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा, कारण त्या वेळी दुपारचा वारा 8 ते 12 नॉटचा, म्हणजे ताशी साधारण 15 ते 22 किलोमीटरचा, आणि भरवशाचा असतो. त्यानंतर मे महिन्यापर्यंत तो दुपारी चारच्या सुमारास 15 नॉटच्या पुढे जातो आणि बंदरात आखूड, टोकदार लाटा उठतात. अनुभवी लोकांना तेच हवे असते, आपण मात्र तेव्हा दुसऱ्याच्या होडीवर दोरी सांभाळायला जावे.

आता भरती-ओहोटीकडे वळतो, कारण वाऱ्यापेक्षा अधिक तासांचा अपव्यय मी लोकांना या कारणाने करताना पाहिले आहे. मुंबईला उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येजवळच्या, दिवसांत भरती आणि ओहोटी यांतील फरक चार मीटरच्या घरात जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. उधाणाच्या ओढीत बंदरातला प्रवाह दोन नॉटच्या आसपास असू शकतो आणि हलक्या वाऱ्यात आपली होडी तीन नॉटने चालत असेल, तर प्रवाहाविरुद्ध तासाभरात तिची प्रगती दीड-दोन किलोमीटरच होते. शीड भरलेले, पाणी कापले जात आहे, आणि किनाऱ्यावरची तीच इमारत अर्धा तास समोर. हे टाळण्याचे साधन, म्हणजे तिथी दाखवणारी दिनदर्शिका, प्रत्येक घरात भिंतीवर टांगलेले असते. कोकणातले लोक वापरतात ती रीत अशी की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे आणि पूर्ण ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती दुपारी बाराच्या अलीकडे-पलीकडे आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. हा अंदाज तासाभराने चुकू शकतो, म्हणून आदल्या दिवशी भरतीच्या छापील तक्त्यात अचूक वेळ पाहावीच. पण महिन्याचे नियोजन करायला तो पुरेसा आहे.

याचा नोकरदाराला उपयोग असा की, मुंबईत उधाणाची भरती नेहमी दुपारीच आणि मध्यरात्री येते, त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येजवळच्या शनिवारी आपण दुपारी निघालात तर खारा वारा आणि जोराची ओहोटी दोन्ही मिळून आपल्याला बंदराच्या तोंडाकडे, कुलाब्याच्या दक्षिण टोकाजवळच्या प्रॉंग्ज दीपगृहाच्या दिशेने ढकलत असतात. अष्टमीजवळच्या शनिवारी उलट घडते: दुपारी बारापासून पाणी आत येऊ लागते, त्याची ओढ सौम्य असते आणि सहापर्यंत ते आपल्याला बंदराच्या आतल्या अंगाला ठेवते. उधाणापासून भांगापर्यंत साधारण सात दिवस जात असल्याने एक शनिवार उधाणाचा असेल तर पुढचा आपोआप भांगाचा येतो. हा मेळ आठवड्यागणिक थोडा सरकतो आणि दोन-अडीच महिन्यांत दोन्ही शनिवार मधल्या तिथींवर येतात, तेव्हा पुन्हा दिनदर्शिका उघडावी. सुरुवातीचे वर्षभर आपण पंधरा दिवसांतून एकदाच, भांगाच्या शनिवारी दुपारी दीड ते साडेपाच एवढाच वेळ राखून ठेवावा, असे मी सुचवीन. घरच्यांना आणि कार्यालयाला आधीच तारीख सांगता येते, हा त्याचा मोठा फायदा. ‘जमेल तेव्हा जाऊ’ म्हणणाऱ्यांचे कधीच जमत नाही.

कोठे जायचे, यावरही वेळेचे गणित अवलंबून असते. खारा वारा वायव्येचा असेल तर गेटवेहून घारापुरीच्या दिशेने जाताना वारा बाजूने किंचित मागून मिळतो आणि परतताना बाजूने किंचित पुढून, त्यामुळे जाण्या-येण्याला जवळपास सारखाच वेळ लागतो. वारा सरळ पश्चिमेचा झाला तर परतीला थोडे नागमोडी यावे लागते, एवढाच फरक. बंदरापलीकडच्या, अलिबागच्या बाजूच्या मांडव्याचे तसे नाही. सरळ रेषेत ते 14 किलोमीटरच्या आसपास आहे आणि जाताना वारा पाठीशी असल्यामुळे माणूस दोन तासांत आनंदाने तेथे पोहोचतो. परतताना मात्र तोच वारा जवळपास समोरून येतो, शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही, आणि नागमोडी येताना ते अंतर दीडपट होते. पाणी विरुद्ध असेल तर त्याहूनही अधिक. म्हणून मांडव्याला सकाळच्या मतलई वाऱ्यावर निघावे, खारा वारा आणि भरती यांची जोडी जमेल अशा दिवशी परतावे, आणि तो सबंध दिवसाचा कार्यक्रम समजावा. दोन्ही वाटांवर मोठ्या जहाजांचा खोल मार्ग ओलांडावा लागतो. इंजिनाच्या नौकेने शिडाच्या नौकेला वाट द्यावी हा नियम सर्वांना पाठ असतो, पण अरुंद जलमार्गातच सुरक्षित चालू शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या नौकेने अडथळा करू नये, हा नियमही तितकाच बंधनकारक आहे, आणि मुंबईत आपल्याला रोज लागू पडतो तो हाच.

राहिला वेळेचा प्रश्न. आपण होडी विकत घेण्याचा विचार करत आहात असे शेवटच्या ओळीवरून वाटते. इतक्यात घेऊ नये. स्वतःची होडी म्हणजे तळ घासणे, दोऱ्या बदलणे, पावसाळ्याआधी ती वर काढून झाकणे आणि बोयाचे भाडे भरणे. दोन तासांच्या सफरीमागे तितकेच तास या कामांत जातात, आणि नोकरदाराचे शनिवार मोजकेच असतात. 1846 साली स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब आणि कुलाबा सेलिंग क्लब यांच्यासारख्या ठिकाणी स्वतःच्या होड्या असलेले लोक असतात आणि त्यांना ऐन वेळी दांडी न मारणारा सहकारी हवा असतो. ‘मला शिकवा’ म्हणण्यापेक्षा ‘या तीन शनिवारी दीड वाजता मी धक्क्यावर असेन’ असे सांगणाऱ्याला जागा लवकर मिळते. तेथील जुने तांडेल (होडीचे प्रमुख) आणि खलाशी यांच्याशी ओळख ठेवावी. शिडाला हात लावण्याआधी ते आकाशाकडे आणि नांगरलेल्या जहाजांच्या तोंडांकडे पाहून जे एक वाक्य बोलतात, ते ॲपवर मिळत नाही.

आपले कार्यालय फोर्ट किंवा नरिमन पॉइंटला असेल तर आणखी एक सोय आहे. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सहाला सूर्यास्त होतो, पण एप्रिलमध्ये तो सातच्या जवळ जातो आणि खारा वारा सूर्यास्तापर्यंत टिकतो. महिन्यातून एखाद्या दिवशी साडेचारला निघण्याची परवानगी मिळाली, तर पाच ते साडेसहा एवढी सफर कामाच्या दिवशीही होते. उपनगरातून येणाऱ्याला हे सांगणे क्रूरपणाचे आहे, याची मला कल्पना आहे.

हवामानाचा अंदाज दोन टप्प्यांत पाहावा. तीन दिवस आधी भारतीय हवामानशास्त्र विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा लाटांचा अंदाज पाहावा, कारण अरबी समुद्रात दूर कोठे वादळ असले तर वारा येथे नसतानाही लाटा येतात. त्या दिवशी सकाळी मोबाइलवरील ॲप पाहिले तर हरकत नाही, पण ते दाखवतात तो वेग मोठ्या क्षेत्राची सरासरी असतो आणि कुलाब्याच्या आडोशाची त्याला खबर नसते. बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे वादळी हवेच्या इशाऱ्याचा, बावटा असेल तर त्या दिवशी चर्चाच नको. हंगामाच्या दोन्ही टोकांना विशेष जपावे: ‘फयान’ चक्रीवादळ नोव्हेंबर 2009 मध्ये आले, ‘निसर्ग’ 3 जून 2020 रोजी अलिबागजवळ धडकले, ‘तौक्ते’ मे 2021 मध्ये मुंबईजवळून गेले, आणि 2025 साली तर मोसमी पाऊसच 26 मे रोजी मुंबईत दाखल झाला. म्हणून मेचा शेवटचा आठवडा मी कधीच गृहीत धरत नाही.

पावसाळ्यात बंदरात शीड उघडण्याचा मोह धरू नये. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते हे खरे, परंतु त्यांची शिडाची नौका ‘म्हादेई’ दक्षिण महासागर पार करण्यासाठी बांधलेली होती आणि ते स्वतः नौदलाचे पाणबुडे (पाण्याखाली बुडी मारून काम करणारे) अधिकारी होते. कोळी बांधव ज्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्या काळात आपणही तेच करावे. मात्र त्याच महिन्यांत दख्खनच्या तलावांवर वारा उत्तम असतो. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या होड्यांच्या शर्यती जुलैमध्ये होतात त्या याचमुळे. रात्रीच्या गाडीने जाऊन एखादा शनिवार-रविवार तेथे काढता येतो. तेथे भरती-ओहोटी नसल्यामुळे केवळ वारा आणि शीड एवढ्यावरच लक्ष देऊन हात साफ होतो. मुंबईच्या क्लबांशी बोलणी मात्र सप्टेंबरमध्येच करून ठेवावीत, कारण ऑक्टोबरच्या अखेरीस होड्या पाण्यात उतरतात तेव्हा सहकाऱ्यांच्या जागा बहुधा भरलेल्या असतात.