विशेष वर्ग आणि वर्णभेद: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत वर्णावरून वेगळ्या शाळा बंद झाल्यावरही विशेष शिक्षणातून वर्णभेद चालू राहिला, असे म्हणतात. तो कसा?

1954च्या ब्राऊन खटल्याने वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. मात्र एकाच शाळेत वेगळा वर्ग काढता येत होता आणि त्या वर्गातील प्रवेश बुद्ध्यंकावर ठरत असल्याने वर्णाचा उल्लेखही करावा लागत नसे. सॅन फ्रान्सिस्कोत एकूण विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले 28.5 टक्के होती, तर ‘शिक्षणक्षम मतिमंद’ मुलांच्या वर्गांत सुमारे 66 टक्के. तिथे लेखन-वाचनापेक्षा चारचौघांत वावरणे आणि पोटापुरते काम करणे यांवर भर असल्याने नेहमीच्या वर्गात परतण्याची वाट जवळजवळ बंदच होती.

1971 मध्ये सहा मुलांच्या वतीने ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ हा खटला दाखल झाला. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी त्यांना पुन्हा तपासले, तेव्हा सर्वांचे गुण 75च्या वर, म्हणजे त्या वर्गांसाठीच्या मर्यादेपलीकडे गेले. चाचणीत एक प्रश्न असा होता की, आपल्याहून लहान मुलाने मारले तर काय करावे? ‘उलट मारू नये’ एवढेच उत्तर ग्राह्य असल्याने, मार खाऊन घरी यायचे नाही अशी ताकीद मिळालेल्या मुलाचा गुण जाई. मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांची मुलांसाठीची ही बुद्ध्यंक चाचणी 1949 मध्ये प्रमाणित झाली, ती केवळ गोऱ्या मुलांवर. 1979 मध्ये न्या. रॉबर्ट पेकहॅम यांनी अशा वर्गांसाठी कृष्णवर्णीय मुलांचा बुद्ध्यंक काढण्यास मनाई केली. (प्रतिवादी, राज्याचे शिक्षणप्रमुख विल्सन राइल्स, स्वतः कृष्णवर्णीय होते.)

म्हणजे सगळा दोष चाचणीचाच?

नाही. पुढच्याच वर्षी शिकागोच्या तशाच खटल्यात न्या. जॉन ग्रेडी यांनी चाचण्यांतील प्रश्न एकेक करून तपासले आणि त्यांतले मोजकेच आक्षेपार्ह ठरवले. माझ्या मते खरी निवड चाचणीच्या आधीच होते, कारण मूल तपासणीला पाठवायचे की नाही हे वर्गशिक्षक ठरवतात. शिवाय, 2015 पासून काही संशोधक उलट आक्षेप घेत आहेत: सारख्याच अडचणी असलेल्या गोऱ्या मुलांच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुलांना मदत कमी मिळते. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी घरी मराठीच बोलते. विशेष शिक्षणाची गरज आहे का, हे पाहण्यासाठी शाळा तिची तपासणी करू पाहते आहे. संमती द्यावी का?

द्यावी, पण आधी विचारून घ्यावे. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीतून तपासून मतिमंद ठरवल्याबद्दल 1970 मध्ये ‘डायना’ खटला झाला. 1975च्या केंद्रीय कायद्यातील तरतुदींमागे अशा खटल्यांचा अनुभव आहे: शक्य असेल तिथे मुलाच्या भाषेत तपासणी व्हावी, एकाच चाचणीवर निर्णय होऊ नये आणि पालकांची संमती घ्यावी. इंग्रजी कच्चे असणे हे अपंगत्व ठरवण्याचे मुख्य कारण होऊ शकत नाही. मराठी जाणणारा तपासनीस किंवा दुभाषी मिळेल का, हे लेखी विचारावे. निष्कर्ष पटला नाही, तर शाळेच्या खर्चाने स्वतंत्र तपासणी मागता येते. शाळेला ती द्यावी लागते, नाहीतर स्वतःची तपासणी योग्य असल्याचे सुनावणीत सिद्ध करावे लागते.