वाचकांचे प्रश्न : पेडल खाली गेलं, आता दीड लाखाचे ब्रेक घेऊ का?

प्रश्न : नमस्कार दादा. मी चिंचवडला राहतो, वय २६, २०२१ ची पोलो जीटी टीएसआय आहे, इंजिनाला रीमॅप (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) वगैरे काही केलेलं नाही. मागच्या महिन्यात मित्रांबरोबर चेन्नईच्या ट्रॅकवर ट्रॅक डेला गेलो होतो. पहिले तीन लॅप जाम मजा आली, चौथ्या लॅपला मेन स्ट्रेट संपताना १५० च्या आसपास होतो आणि ब्रेक दाबला तर पेडल निम्म्याच्या खाली गेलं, दोनदा पंप केलं तेव्हा कशीबशी गाडी वळली. संध्याकाळी हॉटेलवर जाताना ब्रेक जवळजवळ नॉर्मल! गॅरेजवाला म्हणतो मोठी डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) टाका, दीड लाख होतील. घेऊ का? मागे ड्रम आहेत, त्यांचीही डिस्क करू का?

उत्तर : २६ म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. दीड लाख आत्ता खिशातच ठेव.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे "पेडल खाली गेलं". ट्रॅकवर ब्रेक जातात ते दोन वेगळ्या कारणांनी आणि दोन्हीला लोक सरसकट ब्रेक फेड म्हणून मोकळे होतात. एक म्हणजे पॅड तापून त्यांची पकड जाते, तेव्हा पेडल दगडासारखं कडक असतं, तू जीव खाऊन दाबतोयस आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. दुसरं म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून तुझा पाय नुसते बुडबुडे चेपत खाली जातो आणि पंप केलं की थोडं वर येतं. तुझं हे दुसरं झालंय. गार झाल्यावर वाफेचं परत ऑइल होतं म्हणून संध्याकाळी सगळं नॉर्मल वाटलं, पण एकदा उकळलेल्या त्या ऑइलवर आता विश्वास ठेवू नकोस, रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांनासुद्धा नको, या आठवड्यातच बदलून घे.

उकळतं कसं तर बघ, तुझी गाडी तुला धरून साधारण १२०० किलो, १५० वरून ६० वर आणताना जी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते तेवढ्यात पावणेतीन लिटर पाणी थंडपासून उकळीपर्यंत येईल, आणि हे सगळं तीनेक सेकंदात, परत पुढच्या कॉर्नरला तेच, परत त्याच्या पुढच्या. यातला बहुतेक भार पुढच्या दोन डिस्कवर. रस्त्यावर आपण असा ब्रेक महिन्यातून एकदा मारतो, तोही कुत्रं आडवं आलं तर. खंडाळ्याच्या घाटात उतरणाऱ्या ट्रकच्या चाकांतून जो जळका वास येतो ना, त्यामागची उष्णता आणि ही एकच, फक्त तू ती चार लॅपमध्ये करून दाखवलीस.

आता ऑइलचं. साधं डॉट ४ (हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवंकोरं असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि ३.७ टक्के पाणी शिरलं की हाच किमान आकडा १५५ वर येतो. आपल्याकडचे दोन-तीन पावसाळे काढलेलं ऑइल म्हणजे काय असेल तूच विचार कर. मला हे शिकायला माझ्या गाडीचा पुढचा बंपर लागला. कोइमतूरच्या करी ट्रॅकवर निघायच्या आधी एका गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतलं होतं, बिलावर तसं लिहिलेलंही होतं, आणि अकराच्या उन्हात पेडल सरळ तळाला जाऊन मी मातीत. नंतर पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे, एका पोराने कॅलिपरचा निपल (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सैल करून बाटलीत ऑइल काढलं तर टपरीवरच्या चहाच्या रंगाचं, आणि वरच्या डबीत मात्र लिंबू सरबतासारखं स्वच्छ. त्या मिस्त्रीने सिरिंजने डबीतलं जुनं काढून नवं ओतलं होतं, बास. अरे ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नाही, जे कॅलिपरपाशी आहे ते तिथेच बसून तापतं, म्हणून चारही चाकांतून जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत ब्लीडिंग झालं पाहिजे आणि ते तू समोर उभा राहून करून घे, निपलच्या नळीतून आधी काळपट, मग बुडबुडे, मग स्वच्छ रंग येताना स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

कुठलं टाकायचं? ट्रॅकसाठीचं चांगलं घे, उदाहरणार्थ मोतुल आरबीएफ ६००, कोरडं असताना ३१२ डिग्री आणि पाणी शिरल्यावरही २०० च्या वर टिकतं. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या लागतील, सील फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवू नकोस. आणि ट्रॅकवाल्या गाडीचं ऑइल वर्षाला एकदा तरी बदलायचंच, प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी बदललं तर आणखी बरं.

दुसरा खर्च पॅडचा. ऑइल सुधारलंस की पुढच्या वेळी पॅड हात वर करतील, कारण कंपनीचे पॅड सिग्नलला आवाज न करता थांबायला बनवलेत, ट्रॅकच्या उष्णतेत त्यांचा दम लगेच जातो. पण इथे एक गोची आहे. तू गाडी ट्रेलरवर नेत नाहीस, चालवत नेतोस, म्हणजे पुणे-चेन्नई जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटर. पक्के रेसिंग पॅड गार असताना धड धरत नाहीत, पहाटे पावसात खंबाटकी घाट उतरताना पहिला ब्रेक मारशील आणि काहीच होणार नाही, शिवाय किंचाळतात, डिस्क खातात. म्हणून मधले घे, फेरोडो डीएस२५०० किंवा ईबीसी यलोस्टफ अशा जातीचे, रस्ता आणि ट्रॅक दोन्ही चालणारे, तुझ्या कॅलिपरच्या मापाचे मिळतायत का ते आधी पक्कं कर. नवे पॅड बसवून थेट ट्रॅकवर जायचं नाही हं, मोकळ्या रस्त्यावर ८०-९० वरून २०-३० पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न वापरता गार होऊ द्यायचं, तेव्हा पॅडचा थर डिस्कवर नीट बसतो. हे न केल्यावर स्टेअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली, बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, पॅडचे डाग असतात तिच्यावर.

आता मोठ्या किटकडे का नको म्हणतोय. तुझ्या गाडीचं एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, कंपनीच्या ब्रेकवरसुद्धा लागतं ना? मग चाक लॉक करायची ताकद ब्रेकमध्ये आहेच, गाडी थांबवतो टायर. मोठ्या डिस्कने पहिल्या ब्रेकचं अंतर कमी होत नाही, ती फक्त जास्त उष्णता पोटात घेते, म्हणजे तू विसाव्या लॅपलाही पहिल्यासारखा थांबतोस. तू विसाव्या लॅपला पोचतोयस का अजून? वर पुढचे कॅलिपर मोठे केले की पुढच्या-मागच्या ब्रेकचा हिशोब बदलतो, पेडल जास्त खाली जाऊ शकतं, १६ इंची अलॉयमध्ये कॅलिपर मावतो का हा वेगळाच ताप. रीमॅप करून, चिकट टायर टाकून, चांगलं ऑइल आणि पॅड असूनसुद्धा ब्रेक कमी पडले तर तेव्हा मला परत लिही, तेव्हा मी घे म्हणेन. मागच्या ड्रमला हात लावू नकोस, ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, मागच्या चाकांना काम फार उरत नाही, फक्त आतले लायनर संपले नाहीत ना आणि ॲडजस्टमेंट नीट आहे ना ते बघून घे.

आणि फुकटातला इलाज राहिलाच, तुझा पाय. नवीन माणूस लवकर ब्रेक मारतो आणि हळूच मारतो, कॉर्नरभर पाय घासत राहतो, त्यात पॅडला गार व्हायला वेळच मिळत नाही. उशिरा, सरळ रेषेत, जोरात मार आणि सोड. तीन लॅप जोरात, एक लॅप आरामात. शेवटचा लॅप ब्रेक न वापरता गार करत आण, आणि पॅडॉकमध्ये थांबलास की ब्रेक पेडलवरचा पाय काढ, हँडब्रेक ओढू नकोस, तुझी ऑटोमॅटिक आहे, तर 'पी'वर ठेव आणि चाकाला दगड लाव. इन्शुरन्सचंही एक, साध्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग बाहेर ठेवलेलं असतं, मातीत गेलास तर खर्च तुझा.

प्रश्न : स्विफ्टला भोकं पाडलेली डिस्क टाकावी का? दिसते भारी. (नाशिक)

उत्तर : दिसते भारी, बरोबर. गणपतीच्या मिरवणुकीत गाडी न्यायची तर टाका. ट्रॅकवर स्वस्तातल्या डिस्कला त्या भोकांपासूनच तडे जातात, आणि भोकं म्हणजे उष्णता साठवायला तेवढं लोखंड कमी. साधी चांगली कंपनीची डिस्क घ्या, फारच हौस असेल तर खाचा असलेली. काठावर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तेवढी झिजली की बदला.

प्रश्न : डॉट ५ हे डॉट ४ पेक्षा वरचं ना? मग तेच का घालू नये? (ठाणे)

उत्तर : नाही! डॉट ५ सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही, एबीएसच्या गाडीत तर अजिबात नको. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४ च्याच घराण्यातलं, ते चालतं, नवं असताना किमान २६० डिग्री. नाव ठेवणाऱ्याने घोळ घालून ठेवलाय हे मान्य. आणि ओतताना बोनेटच्या कडेला सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, डॉट ४ असो की ५.१, रंग खातं.