न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊनला हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलचं म्युझियम, बघितल्यावर तिथल्याच डबलडे फील्ड या बेसबॉल ग्राउंडला वेगळं जाण्यात अर्थ आहे का?

आहे. तुम्ही लिहिलंय की ते नुसतं रिकामं ग्राउंड आहे, बेसबॉल तिथेच जन्मला ही त्याची स्टोरी पण खोटी आहे असं वाचलं, मग दोन तास कशाला घालवायचे. हेच शब्द आमच्या भावोजींनी गाडीत ऐकवले होते, म्हणून उत्तर लांबणार.

माझे बाबा तेव्हा सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. सांगली म्हणजे विजय हजारेंचं गाव, क्रिकेट रक्तातच. बाबा स्वतः क्लबकडून खेळले आणि नंतर वीसेक वर्षं क्लबचं पिच तेच सांभाळायचे, पाणी किती मारायचं, रोलर कधी फिरवायचा, सगळं. माझा मुलगा लिटल लीग म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल खेळतो, त्याच्या हट्टापायी चार तास ड्राइव्ह करून आम्ही सगळे गेलो. म्युझियममध्ये मुलगा रमला, बाबा मात्र तासाभरात काचेच्या कपाटांना कंटाळले. भावोजींचं सुरू झालं की आता सरळ लेकवर जाऊ, त्या ग्राउंडवर काय आहे बघायला. मी म्हटलं बाबांना बसायला तरी मिळेल, चला.

मेन स्ट्रीटवरूनच चालत गेलो, पार्किंगच्या मागे विटांचं गेट आहे. आत 1939 चा स्टँड, छपराखाली मस्त सावली. साठीच्या पुढच्या लोकांची मॅच चालू होती, तिकीट नाही, बघणारे पंधरा-वीस. आम्ही दशम्या-चटणी काढून तिथेच जेवलो. बाबांनी स्कोअर विचारला नाही, ते माती बघत होते.

मॅच संपली आणि एक ग्राउंड्समन माउंडवर, म्हणजे पिचर (बेसबॉलचा बोलर) जिथून बॉल टाकतो त्या मातीच्या उंचवट्यावर आला. पिचरचा पाय पडून पडून जो खड्डा होतो त्यातली सुटी माती त्याने झाडून काढली, थोडं पाणी शिंपडलं, ओली चिकणमाती भरली आणि धुमसाने ठोकायला लागला. बाबा कधी उठून जाळीपाशी गेले कळलंच नाही. त्या माणसाने बघितलं आणि हातानेच बोलावलं. बाबांनी चिमूटभर माती घेऊन बोटांत चोळली, तळहातावर गोळी वळली, अंगठ्याने दाबली, ती चपटी झाली पण तडकली नाही. मला म्हणाले, "अगं, आपल्याकडे बोलरच्या पायाचा खड्डा आम्ही असाच भरायचो, त्याला सांग." मी सांगितलं तर त्याने धुमस सरळ बाबांच्या हातात दिला. बाबांनी सात-आठ ठोके मारले, मग चपलेच्या टाचेने दाबून बघितलं आणि मान डोलावली. भावोजी तेव्हा गाडीत एसी लावून बसले होते.

आता ती खोटी स्टोरी. ज्याच्या नावाचं हे ग्राउंड आहे त्या अॅबनर डबलडेने 1839 मध्ये तिथल्या एका कुरणात बेसबॉल शोधून काढला असं 1907 मध्ये एका कमिशनने ठरवून टाकलं, तेही मुख्यतः एका म्हाताऱ्या माणसाच्या पत्राच्या भरवशावर. त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटला मिलिटरी शिक्षण घेत होता आणि आपण बेसबॉल शोधला असं तो जन्मात कधी बोलला नाही. म्हणजे भावोजी बरोबर आहेत, मान्य. पण त्या जागेवर 1920 पासून मॅचेस होतायत, ते कुठे खोटं आहे? 12 जून 1939 ला हॉल ऑफ फेमचं उद्घाटन झालं त्या दिवशी बेसबॉलचा रिटायर झालेला स्टार बेब रूथ याच ग्राउंडवर बॅट घेऊन उतरला आणि कॅचरच्या (बेसबॉलचा विकेटकीपर) हातात कॅच देऊन आउट झाला. 1940 पासून मोठ्या लीगच्या टीम जवळजवळ दरवर्षी एक मॅच खेळायला या आज दोन हजारही वस्ती नसलेल्या गावात यायच्या, 2008 ची शेवटची पावसाने गेली. एवढं सगळं झालेली जागा दोन मिनिटांवर असताना नुसत्या काचेतल्या बॅटी बघून परत यायचं, हे मला पटत नाही.

फक्त मॅच असेल त्या दिवशीच जा, आधी शेड्यूल बघून घ्या. मॅच नसेल आणि घाई असेल तर गेटवरून डोकावलंत तरी चालेल, हे पण खरं. हिवाळ्यात बर्फ असतो, तेव्हा नकोच. जुलैअखेर नवीन खेळाडूंच्या सन्मानाचा वीकेंड असतो, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते.

त्या दिवशी लगेच दुसरी मॅच होती. बाबांना नवा पिचर त्या भरलेल्या खड्ड्यावर पाय कसा टाकतो, माती टिकते का ते बघायचं होतं. भावोजींचा तिसऱ्यांदा फोन आला आणि मी बाबांना उठवलं. अजूनही फोनवर विचारतात, टिकली असेल ना गं माती. तुमच्याबरोबर कोणी मोठं माणूस असेल तर परतीची वेळ आधी ठरवू नका.